रुग्ण घरी गेल्यानंतर : प्रस्तावना

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत आरोग्याच्या नोंदींचा दुष्काळ नाही. कुठल्याही उपकेंद्रात जा. गरोदर मातांचं रजिस्टर, प्रसूतीचं, लसीकरणाचं, क्षयरोगाचं, रक्तदाब-मधुमेहाचं, साथीच्या आजारांचं, पाण्याच्या नमुन्यांचं अशी टेबलावर चळत असते. आशाताईंच्या पिशवीत डायरी असते, मोबाइलमध्ये ॲप असतात. 2008 पासून महिन्याच्या महिन्याला आकडे वर पाठवायचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, क्षयरोगासाठी 'निक्षय' आहे, आणि आता प्रत्येकाला 14 आकडी 'आभा' क्रमांक देणं सुरू आहे. लिहिणाऱ्या हातांची दमछाक होईल एवढं लिहिलं जातं.

तरीही एक साधा प्रश्न विचारून पाहा. वेळवंड खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवरून गेल्या आषाढात धाप लागलेलं मूल पुण्याला पाठवलं असेल, तर त्याचं पुढे काय झालं? रजिस्टरात त्या ओळीच्या शेवटी 'संदर्भित' एवढा शब्द सापडेल. मूल बरं होऊन परत आलं की नाही, किती दिवसांनी आलं, घरच्यांचे किती पैसे गेले, पुन्हा आजारी पडलं का, यातलं काहीही त्या ओळीत नाही. आशाताईंना विचारलंत तर त्या सगळं सांगतील. म्हणजे माहिती गावात आहे, फक्त ती कागदावर नाही.

आपल्या नोंदी प्रामुख्याने काय दिलं याच्या आहेत: किती गोळ्या वाटल्या, किती जणांना तपासलं, किती शिबिरं घेतली. घेणाऱ्याचं काय झालं, याच्या नोंदी फार थोड्या. कानंद खोऱ्यातला शेतकरी किती रोपं लावली याचा हिशोब ठेवून भात किती झालं हे मोजायचं विसरला, तर गावकरी त्याला हसतील. आरोग्यसेवेत मात्र हा हिशोब आपण वर्षानुवर्षं चालवून घेतला आहे. हे पुस्तक त्या दुसऱ्या हिशोबाबद्दल आहे: रुग्णाच्या नोंदी कशा ठेवायच्या, कशा सांभाळायच्या आणि त्यांतून रुग्णाला गुण आला की नाही हे कसं काढायचं.

पुस्तक लिहिताना समोर वाचक होता तो उपकेंद्रातली आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवखा डॉक्टर, बाजारपेठेत दवाखाना चालवणारा खासगी डॉक्टर आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. संख्याशास्त्राची पदवी लागणार नाही. त्रैराशिक आणि टक्केवारी आली म्हणजे पुरे. जाता जाता एक खुलासा. सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांत 'भोर समिती' वारंवार भेटते आणि इथले विद्यार्थी हमखास विचारतात, ही आपलीच का? नाही. 1943 साली नेमलेल्या आणि 1946 मध्ये अहवाल देणाऱ्या त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकमध्ये जन्मलेले सनदी अधिकारी. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्या अहवालातून आली, एवढंच नातं. पण आकडेवारीशिवाय आरोग्यसेवेची आखणी अंधारात होते, हेही त्याच अहवालाने ठासून सांगितलं होतं, आणि त्याचा मात्र आपल्याला सोयीस्कर विसर पडला.

या विषयातला आपल्याला सर्वांत जवळचा धडा भोरच्या पश्चिमेला, वरंधा घाट उतरून गेलं की सापडतो. खाली महाड तालुका लागतो. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 मध्ये हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाने त्या काळी माणसं मरत. मुलं जास्त. विंचू चावला की उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार आणि काही तासांत फेसाळ थुंकी येऊन माणूस गुदमरून जायचा. उपचार म्हणून जे काही दिलं जायचं त्याचा उपयोग होतो की नाही, हे कुणी मोजलं नव्हतं. बावस्करांनी वेगळं काय केलं? ते रुग्णाच्या खाटेशी बसले आणि लिहीत राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायाचं तापमान, चावल्यापासून किती तास झाले, आणि शेवटी माणूस वाचला की गेला. या नोंदींतून चित्र स्पष्ट झालं. मृत्यू थेट फुप्फुसाच्या विकाराने येत नव्हता. विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर यायचा, रक्तवाहिन्या आवळायच्या, हृदयावर ताण पडायचा आणि मग फुप्फुसात पाणी भरायचं. 1982 मध्ये त्यांच्या या निरीक्षणांना 'द लॅन्सेट'ने जागा दिली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं आणि तेही नोंदी ठेवूनच. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण शंभरात तीस-चाळीसच्या घरातून एकाच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपल्याकडे जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती आहेच. मला त्यातली जिद्दीपेक्षा वही जास्त महत्त्वाची वाटते. एका डॉक्टरला 'प्राझोसिनने फरक पडतोय' असं वाटणं ही एक बाब झाली. आधी किती आले आणि किती गेले, नंतर किती आले आणि किती गेले, हे चार आकडे मांडता येणं ही अगदी निराळी बाब. बावस्कर तिथेही थांबले नाहीत. विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झाल्यावर 'प्राझोसिन पुरेसं आहे, मग याची गरज काय' असं म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्याऐवजी त्यांनी 70 रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, यदृच्छेने ठरलेलं. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला निष्कर्ष असा: दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी 8 तासांत पूर्ववत झाले, फक्त प्राझोसिन घेतलेले 17.7 तासांत. 'बरा झाला' म्हणजे नेमकं काय आणि ते किती तासांनी तपासायचं, हे आधीच ठरवलेलं होतं, म्हणून ही तुलना टिकली. स्वतःच्याच गाजलेल्या उपचाराला पुन्हा मोजपट्टी लावणारा माणूस आपल्या घाटाखाली राहतो, हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असायला हवं.

दुसरा धडा लांबून, गडचिरोलीहून येतो आणि तो जास्त अस्वस्थ करणारा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावागावांतले जन्म आणि मृत्यू स्वतः मोजायला सुरुवात केली, तेव्हा आधी प्रश्न उपचाराचा नव्हताच. प्रश्न होता, मुलं मरतात तरी किती? सरकारी कागदावर जे मृत्यू होते त्यांहून घरोघरी जाऊन मोजलेले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. मोजणी विश्वासाची झाल्यावरच उपचाराचा पडताळा घेता आला. 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेत होत्या, शेजारची 47 गावं तुलनेसाठी होती, आणि दोन्हीकडचे जन्म-मृत्यू त्याच पद्धतीने मोजले जात होते. 1999 च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: नवजात मृत्यूंत 62 टक्के घट. आज भोरमधली आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या सहा-सात ठरावीक भेटी देते त्यांचं मूळ तिथे आहे. 2011 मध्ये ती पद्धत देशभर आशांकडे आली.

पण त्याच मंडळींनी 13 संस्थांना सोबत घेऊन 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला, तो या पुस्तकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. राज्यात बालमृत्यू कागदावर दडतात कसे, हे त्याने चव्हाट्यावर आणलं. जन्मून दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ 'मृत जन्म' म्हणून लिहिलं की नवजात मृत्यूचा आकडा आपोआप घटतो. यात कुणी खलनायक नसतो. मृत्यू लिहिला की चौकशी होते, नोटीस येते, बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं. मग हात आखडतो. ज्या व्यवस्थेत खरं लिहिणाऱ्याला शिक्षा होते, तिथे संगणक कितीही चांगले बसवा, त्यातून खोटंच बाहेर पडणार. हे वाक्य तालुक्याच्या आढावा बैठकीतल्या वरिष्ठांनी दोनदा वाचावं, ही विनंती.

पुणे जिल्ह्यात लांब पल्ल्याच्या नोंदींची परंपराही आहे. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने केईएम रुग्णालयाचं काम शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला सुरू झालं. पुढे 2002 पासून तिथल्या 22 गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर यांची नियमित नोंद होऊ लागली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या नोंदी घेतल्या आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत माग सोडला नाही. आईच्या रक्तातलं बी-12 आणि मुलाच्या अंगी येणारी मधुमेहाची प्रवृत्ती यांचा संबंध दाखवता आला तो त्या चिकाटीमुळे. एवढी यंत्रणा उपकेंद्राला परवडणारी नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये.

आता या पुस्तकातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे येतो. ते आहे छेदाबद्दल. शाळेत अपूर्णांकात वरचा अंश आणि खालचा छेद शिकलो, तोच. आरोग्याच्या आकडेवारीतले बहुतेक घोटाळे अंशात नसतात, छेदात असतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचंच उदाहरण घ्या. रुग्णालयांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात आणि त्या प्रसिद्ध कराव्यात, हा आग्रह जगात ज्यांनी धरला त्यांत त्या पहिल्या फळीतल्या. त्यांच्या 1863 च्या पुस्तकात लंडनमधल्या 24 रुग्णालयांचा मृत्युदर 90.84 टक्के असा छापला गेला. शंभरातले नव्वद मेले? तसं नव्हतं. वर्षभरातल्या मृत्यूंना वर्षभर दाखल झालेल्या रुग्णांनी भागण्याऐवजी एका ठरावीक दिवशी खाटेवर असलेल्या रुग्णांनी भागलं होतं. आकडेवारी तयार करणारे विल्यम फार हे त्या काळचे नाणावलेले संख्याशास्त्रज्ञ. लंडनच्या डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

आपल्याकडचा घोटाळा याहून सौम्य दिसतो, म्हणून लक्षात येत नाही. समजा एका उपकेंद्रात रक्तदाबाचे 100 रुग्ण नोंदलेले आहेत. या तिमाहीत 60 जण तपासायला आले, त्यांतल्या 45 जणांचा रक्तदाब 140/90 च्या आत सापडला. अहवालात काय लिहाल? 60 पैकी 45 म्हणजे 75 टक्के आटोक्यात, असं लिहिलं तर टाळ्या पडतील. पण 40 जण आलेच नाहीत. त्यांच्या गोळ्या संपल्या असतील, ते मुंबईला लेकाकडे गेले असतील, एखाद्याला पक्षाघातही झाला असेल. नोंदलेल्या 100 जणांच्या हिशोबाने उत्तर 45 टक्के येतं. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यासह राज्यातल्या काही जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचं काम सुरुवातीच्या टप्प्यातच आलं. त्या उपक्रमाची मला आवडलेली गोष्ट औषधयोजना नाही. औषधं साधीच आहेत. आवडतं ते हे की 'आटोक्यात', 'आटोक्याबाहेर' आणि 'भेट चुकली' असे तीन स्वतंत्र रकाने त्यात आहेत. न आलेला माणूस तिथे गायब होत नाही, तोही मोजला जातो. एका रकान्याने सगळा सूर बदलतो, कारण 40 जण न आल्याचं दिसलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो, ते का आले नाहीत? मग कळतं की औषध एकाच आठवड्याचं दिलं जात होतं आणि त्यासाठी म्हातारीला दोन एसटी बदलून यावं लागत होतं. महिन्याभराच्या गोळ्या हातात देणं हा उपाय कुठल्याही संगणकाने सुचवला नसता. तो तिसऱ्या रकान्याने सुचवला असता.

भोर-वेल्ह्यात हा न आलेला माणूस कोण, याचा विचार इथल्या भूगोलाशिवाय होत नाही. पावसाळ्यात हिर्डस मावळातल्या काही वाड्या तालुक्यापासून जवळजवळ तुटतात. रायरेश्वराच्या पठारावर राहणाऱ्यांना खाली यायला लोखंडी शिडी उतरावी लागते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. धनगरवाड्यांवरची घरं एकमेकांपासून लांब. तरणी माणसं पुण्या-मुंबईला. आणि पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी, मग ते माहेर मुळशीत असो, पुरंदरात असो की थेट कोकणात.

त्यात भर कायद्याची. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू जिथे घडतो तिथे त्याची नोंद होते, माणूस जिथला आहे तिथे नाही. वेल्ह्यातला अत्यवस्थ रुग्ण नसरापूरला महामार्गाला लागतो आणि पुण्यात जातो. तिथल्या ससून रुग्णालयात तो दगावला तर मृत्यूची नोंद पुणे महापालिकेत. वेल्ह्याचा कागद स्वच्छ. बाळंतपणांचंही तेच. तालुक्यात झालेली बाळंतपणं आणि तालुक्यातल्या बायकांची बाळंतपणं हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि त्यांची गल्लत केली तर डोंगरी तालुका कागदावर शहरापेक्षा निरोगी दिसू लागतो. म्हणून नोंद राहत्या गावाप्रमाणे जुळवून घेणं हे इथलं पहिलं काम. तेही सोपं नाही. लग्नानंतर आपल्याकडे बाईचं आडनाव बदलतं, पुष्कळदा पहिलं नावही बदलतं. माहेरच्या उपकेंद्रात ती एका नावाने, सासरी दुसऱ्या नावाने, आधार कार्डावर तिसऱ्याच. एकाच बाईचे तीन रुग्ण होतात, आणि तिन्ही अर्धवट. आभा क्रमांकाने हा प्रश्न सुटेल अशी आशा आहे. तोवर नावाबरोबर मोबाइल क्रमांक, दोन्ही गावं आणि जन्मवर्ष लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

लहान आकड्यांबद्दल एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते मुद्दाम वेल्ह्यासाठी लिहिलं आहे. (या तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला, जुनी आकडेवारी जुन्या नावाने असल्याने पुस्तकात वेल्हे हेच नाव ठेवलं आहे.) 2011 च्या जनगणनेत वेल्ह्याची लोकसंख्या साडेचोपन्न हजारांच्या आसपास होती, भोरची 1 लाख 86 हजार. हजारी 15 जन्म धरले, म्हणजे राज्याचा 2020 चा दर, तर वेल्ह्यात वर्षाला आठशेच्या आसपास जन्म होतात. राज्याचा मातामृत्यू दर 2018-20 या काळात लाख जिवंत जन्मांमागे 33 होता. या हिशोबाने वेल्ह्यात चार वर्षांत साधारण एक मातामृत्यू अपेक्षित. आता एखाद्या वर्षी एक बाई दगावली तर त्या वर्षीचा दर एकदम 125 होतो, आणि पुढच्या वर्षी शून्य. बैठकीत एका वर्षी तालुक्याची खरडपट्टी निघते, दुसऱ्या वर्षी सत्कार होतो. दोन्हींत अर्थ नाही. अर्भकमृत्यूंचंही पाहा. हजारी 16 या राज्याच्या 2020 च्या दराने वर्षाला तेरा मृत्यू येतात. पण एका वर्षी नऊ आणि दुसऱ्या वर्षी सतरा हे आकडे निव्वळ योगायोगानेही येऊ शकतात. नऊ झाले म्हणून नव्या योजनेला श्रेय देणारा आणि सतरा झाले म्हणून आरोग्यसेविकेला जबाबदार धरणारा, दोघेही सारखेच चुकतात. अशा ठिकाणी तीन किंवा पाच वर्षांचे आकडे एकत्र करावेत, शेजारचे तालुके जोडून घ्यावेत. आणि मृत्यू मोजण्यापेक्षा प्रत्येक मृत्यूची कथा नीट लिहावी: दुखणं कधी सुरू झालं, गाडी किती वाजता आली, कुठे रक्त मिळालं नाही. एका मातामृत्यूचा दर काढण्यात अर्थ नसतो, त्याचं कारण शोधण्यात असतो.

नोंदींच्या दर्जाबद्दल फार बोलायला नको, जाणकारांना इशारा पुरे. ज्या रजिस्टरात सलग पानभर रक्तदाब 120/80 आहे ते रजिस्टर यंत्र न लावता भरलेलं असतं. ज्या प्रसूतिगृहात निम्म्या बाळांचं वजन बरोबर अडीच किलो भरतं तिथला काटा बिघडला आहे किंवा नियत. कारण अडीच किलोच्या खाली गेलं की बाळ 'कमी वजनाचं' ठरतं आणि काम वाढतं. साठीपुढच्या माणसांची वयं 60, 65, 70 अशीच येतात, त्यात मात्र कुणाचा दोष नाही. आकडे तपासण्याचं पहिलं साधन म्हणजे शेवटचा अंक पाहणं. पुस्तकात ते कसं करायचं हे दाखवलं आहे, बिनखर्चाचं आहे.

तुलना हा त्याहून नाजूक प्रांत. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयापेक्षा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जास्त माणसं मरतात, म्हणून पुण्याचे डॉक्टर वाईट ठरत नाहीत. अत्यवस्थ माणसं आपणच तिकडे पाठवतो. उलट बाजूची फसगत गावातल्या शिबिरात होते. शिबिरात रक्तदाब जास्त निघालेल्यांना निवडलं आणि महिन्याने पुन्हा तपासलं, तर गोळी न देताही अनेकांचा खाली आलेला दिसतो. चढून आलेला, घाबरलेला, रांगेत तासभर उभा राहिलेला माणूस पहिल्या वेळी जास्तच भरतो. ही घट आपल्या काढ्याच्या, योगवर्गाच्या किंवा नव्या गोळीच्या नावावर जमा करण्याचा मोह होतो. बावस्करांप्रमाणे शेजारी तुलनेचा गट ठेवल्याशिवाय तो मोह ओळखता येत नाही.

रुग्णाचं पुढे काय झालं हे विचारणं डॉक्टरांना सहसा आवडत नाही, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक रुग्णाचं कार्ड करून वर्षभराने त्याची प्रकृती तपासायचा आग्रह धरला. सहकारी दुरावले, मोठ्या रुग्णालयाशी बिनसलं. मग स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून 1911 ते 1916 दरम्यान घरी गेलेल्या 337 रुग्णांचा हिशोब त्यांनी छापला आणि त्यात 123 चुका झाल्याचं स्वतःच लिहिलं. आज रुग्णसेवेच्या मूल्यमापनाचा इतिहास त्यांच्यापासून सांगतात. हयातीत त्यांना त्याची किंमतच मोजावी लागली.

गोपनीयतेचं प्रकरण छोटं आहे, पण ते वगळून पुढे जाऊ नये. 2023 मध्ये देशात वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. शहरात नाव आणि मोबाइल क्रमांक काढला की माहिती बरीचशी निनावी होते. वीस उंबऱ्यांच्या वाडीत नाही. 'अमुक वाडी, स्त्री, वय 32, क्षयरोग' एवढं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं. व्हॉट्सॲप गटांवर याद्या टाकण्याची जी पद्धत पडली आहे ती तर तातडीने बंद व्हावी. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं दुखणं चावडीवर गेलं, की पुढच्या वेळी ते सांगत नाहीत, आणि मग नोंदींचा सगळा डोलारा पोकळ होतो.

संगणकाबद्दल पुस्तकात कमी पानं आहेत, यावरून नाराजी येईल याची कल्पना आहे. एकच माहिती चार ठिकाणी भरायला लावणाऱ्या ॲपांमुळे आरोग्यसेविकेचा जो वेळ जातो तो रुग्णाच्या वाट्याचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी प्रश्न ठरवा, मग रकाने, मग यंत्र. पाच प्रश्नांची उत्तरं देणारी एक साधी तक्ताप्रणाली आणि ती दर महिन्याला उघडून बसणारी दोन माणसं, एवढं असेल तर तालुक्याचं काम भागतं. मोठमोठ्या रंगीत आलेखांचे पडदे मी पाहिले आहेत. त्यांवर सगळं दिसतं, फक्त चाळीस न आलेले दिसत नाहीत.

पुस्तकातल्या सरावासाठी घेतलेले आकडे काल्पनिक आहेत, त्यावरून कुठल्याही केंद्राचा अंदाज बांधू नये. खरे आकडे तुमच्याकडेच आहेत. म्हणून पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या केंद्रातलं रक्तदाबाचं रजिस्टर शेजारी घ्या, गेल्या तीन महिन्यांत न आलेल्यांची नावं एका कागदावर उतरवा आणि आशाताईंना बरोबर घेऊन त्यांतल्या पहिल्या दहा घरी जाऊन या. पुस्तक त्यानंतर वाचलंत तर जास्त उपयोगी पडेल.